मदत हवी आहे: सीआरएनएसाठी अर्ज, पुण्यातला आयसीयूचा अनुभव धरतात का?

सोनचाफा_ह्यूस्टन
नमस्कार मंडळी. अमेरिकेत नर्स ॲनेस्थेशियाच्या डॉक्टरेटला (भूल देणारी नर्स, म्हणजे सीआरएनए, होण्याचा कोर्स) याच फेरीत अर्ज टाकायचा विचार आहे. माझी कुंडली अशी: नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बीएस्सी नर्सिंग, २०१६. पुण्यात कार्डियाक आयसीयू, चार वर्षं. टेक्सासचा आरएन (नोंदणीकृत नर्स) परवाना आणि ग्रीन कार्ड आहे. ह्यूस्टनमध्ये आधी आठ महिने टेलिमेट्री (ठोके मॉनिटरवर बघण्याचा वॉर्ड), आता सात महिने सर्जिकल आयसीयू, त्यातले पहिले दहा आठवडे ओरिएंटेशन. सीसीआरएन (आयसीयू नर्सची प्रमाणपत्र परीक्षा) अजून दिलेली नाही.
पुण्याची चार वर्षं धरून अनुभव लिहिला तर चालेल का? सीसीआरएन आधी की अर्ज आधी? आणि इंटरव्ह्यूत नक्की विचारतात काय?

रात्रपाळी७ते७
सोनचाफाताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे. पुण्याची चार वर्षं हिशेबात येत नाहीत. या कोर्सना मान्यता देणाऱ्या सीओएच्या व्याख्येतच लिहिलंय की क्रिटिकल केअरचा अनुभव अमेरिकेतला, तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशांतला किंवा परदेशातल्या अमेरिकी लष्करी हॉस्पिटलमधला हवा. त्यामुळे हे कॉलेजला पटवून देण्याच्या भानगडीत पडू नका, त्यांच्याही हातात नसतं ते.

टेलिमेट्रीही त्यात बसवू नका. व्हेंटिलेटर, आर्टिरियल लाइन किंवा सीव्हीपीसारखं (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) नळी आत घालून केलेलं मॉनिटरिंग, रक्तदाब सांभाळणाऱ्या औषधांच्या (व्हॅसोॲक्टिव्ह) ड्रिप, बलून पंपासारखी हृदयाला आधार देणारी यंत्रं, यांतलं काही ना काही नर्स रोजच्या रोज सांभाळते तोच विभाग धरतात. किमान अट एक वर्ष पूर्णवेळ. काही कॉलेजं ओरिएंटेशन वजा करतात आणि वर्ष अर्जाच्या अंतिम तारखेपर्यंत पूर्ण मागतात, काही कोर्स सुरू होईपर्यंत मुदत देतात. हे प्रत्येक कॉलेजला ईमेल करून लेखी विचारा. तुमचे दहा आठवडे वजा केले तर हातात पाच महिनेही उरत नाहीत.

सीसीआरएनचं गणित: गेल्या दोन वर्षांत गंभीर रुग्णांच्या थेट सेवेचे १७५० तास, त्यातले ८७५ शेवटच्या वर्षातले. आठवड्याला ३६ तास धरले तर १७५० ला साधारण ४९ आठवडे लागतात, सुट्ट्या वेगळ्या. म्हणजे परीक्षेचा नंबर लागेपर्यंत आयसीयूचं वर्षही होत आलेलं असेल. परीक्षा तीन तासांची, १५० प्रश्न, त्यातले २५ गुणांत धरत नाहीत.

माझं स्पष्ट मत: ही फेरी सोडा. अर्धवट अर्जाला लागणारी फी फुकट जाते. ते पैसे सीसीआरएनला घाला.

खानदेशी_मिरची
रात्रपाळीदादांशी सहमत, पण वर्षभर स्वस्थ बसू नका. कागदपत्रांनाच सगळ्यात जास्त वेळ जातो. ट्रान्सक्रिप्टचं मूल्यांकन आजच सुरू करा आणि मागवताना विषयवार रिपोर्ट मागवा. नुसता 'पदवी समकक्ष आहे' असा दाखला चालत नाही, कारण त्यातून विज्ञान विषयांचा जीपीए वेगळा काढता येत नाही. कागद विद्यापीठाकडून परस्पर जावे लागतात, तेव्हा नाशिकला खेटे घालायला घरचं कोणीतरी तयार ठेवा. समजा ६२ टक्के असतील, तर ते चारपैकी किती, हे स्वतः ठरवून अर्जात लिहू नका.

जीपीएची अट बहुतेक ठिकाणी किमान ३.०. केमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्स किती जुनं चालतं हे प्रत्येकाचं वेगळं. दहा वर्षांपूर्वीची केमिस्ट्री बऱ्याच ठिकाणी चालणार नाही. कम्युनिटी कॉलेजात ती पुन्हा करा, जमलं तर पदव्युत्तर पातळीचा पॅथोफिजिऑलॉजी किंवा फार्माकॉलॉजीचा एक विषय घ्या. ताजा 'ए' जुन्या मार्कांची बरीच भरपाई करतो.

शॅडोइंगसाठी (सीआरएनएसोबत राहून काम बघण्यासाठी) तुमच्याच हॉस्पिटलच्या चीफ सीआरएनएंना ईमेल करा. तारीख, तास, केसचा प्रकार आणि सही अशी वही ठेवा. सकाळी भूलयंत्राच्या तपासणीपासून थांबा, नुसतं इंट्युबेशन बघून निघू नका. शिफारसपत्र तुमचं मूल्यमापन करणाऱ्या मॅनेजरचं घ्या. तुम्हाला कधी काम करताना न पाहिलेल्या मोठ्या डॉक्टरांचं पत्र वजन टाकत नाही.

आणि हो, रेझ्युमे म्हणजे बायोडेटा नव्हे. फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती काढून टाका. अर्जासोबतच्या निवेदनातलं 'लहानपणापासून सेवेची आवड' हे वाक्यही.

भूलतज्ज्ञ_नव्हे
इंटरव्ह्यूबद्दल लिहितो. प्रश्न तुमच्याच रुग्णापासून सुरू होतात: 'गेल्या महिन्यातला सगळ्यात आजारी पेशंट सांगा.' तुम्ही जे जे नाव घ्याल त्याच्या खाली खणत जातात. म्हणून रोज शिफ्टमध्ये लावलेल्या प्रत्येक ड्रिपसाठी चार गोष्टी तयार ठेवा: कुठल्या रिसेप्टरवर, रक्तदाब आणि ठोके कुठे जातील, शरीराबाहेर कशी पडते, आणि याच पेशंटला हीच का.

उदाहरणार्थ, फिनाइलएफ्रिन जवळपास फक्त अल्फा-१ रिसेप्टरवर, म्हणजे रक्तवाहिन्या आवळण्यावर, काम करतं. दाब वाढला की रिफ्लेक्सने ठोके कमी होतात, म्हणून आधीच ४८ ठोके असलेल्याला तुम्ही ते निवडलंत की पुढचा प्रश्न आलाच. मिलरिनोन (हृदयाचं आकुंचन वाढवणारं) किडनीवाटे जातं, किडनी बसलेल्या पेशंटमध्ये ते साचतं आणि दाब पाडतं. व्हॅसोप्रेसिन सेप्सिसमध्ये ०.०३ युनिट प्रति मिनिट असं ठरावीक ठेवतात, नॉरएपिनेफ्रिनसारखं वरखाली करत नाहीत. सक्सिनिलकोलीनने (स्नायू सैल करणारं औषध) रक्तातलं पोटॅशियम साधारण ०.५ ने वाढतं, पण भाजलेल्या किंवा आठवडेच्या आठवडे न हललेल्या रुग्णात स्नायूभर नवे रिसेप्टर पसरलेले असतात, तिथे तेच औषध हृदय थांबवू शकतं.

आकडे तोंडी काढता यावेत. एमएपी (सरासरी रक्तदाब) ६०, सीव्हीपी ८, कार्डियाक आउटपुट (हृदय मिनिटाला किती लिटर रक्त पुढे ढकलतं) ८ असेल तर एसव्हीआर, म्हणजे रक्तवाहिन्यांचा रोध, किती? ५२ भागिले ८ गुणिले ८०, म्हणजे ५२०. सामान्य ८०० ते १२००, तेव्हा रक्तवाहिन्या सैलावल्यात, सेप्सिसकडे बोट. इथे 'कमी आहे' म्हणून थांबू नका, मग काय कराल तेही सांगा.

हमखास चूक एआरडीएसच्या (फुप्फुसाला गंभीर सूज) टायडल व्हॉल्यूमची, म्हणजे व्हेंटिलेटरने एका श्वासात द्यायच्या हवेची. ६ मिली प्रति किलो हा हिशेब उंचीवरून काढलेल्या वजनाचा आहे. १६० सेंमी उंचीच्या बाईचं हे वजन ५२.४ किलो, म्हणजे साधारण ३१५ मिली. तिचं खरं वजन ८५ धरलंत तर ५१० मिली होतात आणि फुप्फुसाचं वाटोळं.

आता आपल्या लोकांची खास अडचण. 'सरांनी सांगितलं म्हणून लावलं' हे उत्तर इथे मारक ठरतं. आदर म्हणून आपण तसं बोलतो, पण समोरच्याला ऐकू येतं की ही नर्स स्वतः निर्णय घेत नाही. 'दाब ५५ वर आला, लॅक्टेट चढत होतं, म्हणून मी फोन करून अमुक सुचवलं' असं बोला, 'आम्ही केलं' नाही. डॉक्टरांशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत हेही विचारतात. 'कधीच झाला नाही' म्हणालात तर विश्वास बसत नाही.

येत नसेल तिथे ठोकून देऊ नका. 'हे मला माहीत नाही, पण यंत्रणा अशी असावी असं वाटतं' म्हणून तर्क करा. ते मुद्दाम तिथवर नेतात, कारण ऑपरेशन थिएटरात थाप मारणारा माणूस त्यांना नको असतो.

सांगलीकर_ओटी
मध्येच विचारतो. भारतातली बीएस्सी ॲनेस्थेशिया टेक्नॉलॉजी आहे, नर्सिंग नाही. मला हा रस्ता खुला आहे का?

रात्रपाळी७ते७
नाही, आरएन परवान्याशिवाय नाही. तुम्ही अ‍ॅनेस्थेशियॉलॉजिस्ट असिस्टंटचा (भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या हाताखाली भूल देण्याचं काम) मास्टर्स कोर्स बघा. त्याला नर्सिंग लागत नाही, एमकॅट किंवा जीआरई ही प्रवेश परीक्षा आणि विज्ञानाचे ठरावीक विषय लागतात. मात्र सगळ्या राज्यांत ते काम करता येत नाही, राज्य आधी तपासा.

सोनचाफा_ह्यूस्टन
सगळ्यांचे मनापासून आभार. ही फेरी सोडते. एकच उरलं: कोर्सच्या काळात वीकेंडला नोकरी जमेल का? कर्जाचं काय?

खानदेशी_मिरची
नोकरी धरून चालू नका. कोर्स किमान ३६ महिन्यांचा, किमान ६०० केसेस आणि २००० क्लिनिकल तास, वर डॉक्टरेटचा प्रकल्प. बरीच कॉलेजं नोकरी करू नका असंच लिहून देतात.
ग्रीन कार्डवर सरकारी कर्ज मिळतं, पण ग्रॅड प्लस (पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं सरकारी) कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद. म्हणून कॉलेज निवडताना फीबरोबर त्या शहरातलं घरभाडंही मांडा. लांबच्या क्लिनिकल साइटवर महिना-दोन महिने राहावं लागतं का, तो खर्च कोण करतं, हे इंटरव्ह्यूच्या शेवटी तुम्हीच त्यांना विचारा. 'काही प्रश्न आहेत का' याला 'नाही' म्हणण्यापेक्षा ते कितीतरी बरं.