मदत हवी आहे: गॅदरिंगसाठी कपड्यांची अदलाबदल कशी जमवावी?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात एका कॉलेजात शिकवते. राष्ट्रीय सेवा योजनेचं कामही माझ्याकडे आहे. जानेवारीत गॅदरिंग असतं. ट्रॅडिशनल डे, साडी डे, रेट्रो डे, आणि प्रत्येक दिवसासाठी पोरांना नवा कपडा हवा. बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारातून नाहीतर मोबाइलवरून स्वस्तातला घेतात. एकदा फोटो स्टेटसवर गेला की तो पुन्हा अंगावर चढत नाही.

एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, हा अंदाज वर्गात सांगितला. हळहळले आणि विसरले. मग कापसाचा विषय काढला. आमच्याकडे यवतमाळ-वर्ध्याची बरीच मुलं आहेत, घरी कापूस पिकतो. अंगात मात्र पॉलिस्टर, म्हणजे प्लॅस्टिकच! नागपूरच्या मे महिन्यात ते घाम टिपत नाही, आणि दर धुण्याला त्याचे बारीक तंतू सांडपाण्यात जातात. त्या दिवशी मुलं मनापासून बोलली.

त्यातूनच अदलाबदलीची कल्पना निघाली. चांगले, धुतलेले कपडे आणायचे आणि दुसऱ्याने आणलेले न्यायचे. एक टेलर बसवायचा, ब्लाऊज आत घ्यायला, चेन बदलायला, रफूला. आहे तो कपडा जास्त दिवस वापरणं, यापेक्षा सोपा उपाय मला दिसत नाही.

पण एका मुलीने सांगितलं, "मॅडम, लहानपणापासून लोकांनी दिलेलेच कपडे घातले. आता कॉलेजात तरी नको." तिचं म्हणणं मला पूर्ण पटतं. ज्याचं कपाट भरलेलं आहे त्याला जुना कपडा घालणं ही हौस वाटते. तिच्यासाठी तसं नाही. शिवाय वर्गातल्याच कुणी "हा माझा ड्रेस ना?" म्हटलं तर?

तर कुणी असं काही केलं असेल तर सांगा. कपडा कुणाचा हे कळू नये यासाठी काय केलं? दुसऱ्या कॉलेजशी मिळून अदलाबदल केली तर ही अडचण सुटेल का? ज्याच्याकडे आणायला काही नाही त्यानेही संकोच न करता कपडा न्यावा, ही सोय कशी ठेवायची? टेलरला मदत करण्याच्या बदल्यात कूपन द्यावं असं एक सुचलंय, पण त्यातही गरजू मुलंच वेगळी दिसतील अशी भीती वाटते. मुलगे तर या कल्पनेकडे अजून फिरकलेच नाहीत, त्यांना कसं आणायचं तेही सुचवा.

प्राचार्यांकडे दिवाळीच्या सुट्टीआधी अर्ज द्यायचा आहे.