प्रतिसाद : रत्नागिरी पायीच बघा

'रत्नागिरीत पायी काय बघणार, सरळ रिक्षा करा' असं वर कुणीतरी म्हटलंय. मला नाही पटत. शहर चढउताराचं आहे हे खरं, पण म्हणूनच तर पायी मजा आहे.

सकाळी लवकर मिरकरवाडा बंदरावर जा. मासळीचा लिलाव चालू असतो, वासाची तयारी ठेवा. तिथून रत्नदुर्गाचा चढ. किल्ला घोड्याच्या नालेच्या आकाराचा, तिन्ही बाजूंनी समुद्र. भगवतीच्या देवळापाशी दम खाऊन दीपगृहाच्या टोकापर्यंत जाच. वरून एका बाजूला मांडवीची काळी वाळू दिसते, दुसरीकडे पांढऱ्या वाळूचा 'पांढरा समुद्र' किनारा.

संध्याकाळ थिबा पॅलेससाठी ठेवा. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशातून हद्दपार केलेला तिथला थिबा राजा १९१६ मध्ये इथेच वारला. राजवाडा १९१० चा, जांभ्या दगडाचा. जवळच्या थिबा पॉईंटवरून भाट्याची खाडी अख्खी दिसते. खालच्या पुलावरून चालत भाट्याच्या किनाऱ्यावर जाता येतं, तिथलं सुरूचं बन छान आहे. वाटेत टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आणि १९३१ चं पतितपावन मंदिरही बघून होतं.

आरे-वारेचे समुद्रकिनारे मात्र पायी नकोत. रस्ता देखणा, पण वळणं आंधळी आणि शनिवार-रविवारी गाड्या सुसाट. तिथे एसटीने जा.

डिसेंबरातही दहानंतर कातळ तापतो. टोपी, पाणी आणि कोकमाची बाटली विसरू नका. आणि मासे खात असाल तर दुपारी झोपायला वेळ राखून ठेवा!