लॅब्राडोरची पावसाळी खाज : डॉक्टर भेटेपर्यंत घरी काय करावे आणि काय मुळीच करू नये?

रानजाई (पुणे)

नमस्कार. आमच्याकडे साडेचार वर्षांची लॅब्राडोर कुत्री आहे. तिचे नाव मैना, वजन ३१ किलो. गेली तीन वर्षे असे होते आहे की मृगाच्या सरी पडून गेल्या की पंधरा-वीस दिवसांत तिला खाज सुरू होते आणि दिवाळीच्या सुमारास ती आपोआप कमी होते. यंदा मात्र त्रास फारच वाढला आहे. रात्री दोन-अडीच वाजता पंजे चाटण्याचा चपचप आवाज येतो आणि आम्हां सगळ्यांनाच जाग येते. पुढच्या दोन्ही पंजांवरचे फिकट केस सतत चाटल्याने तांबूस झाले आहेत, काखेत आणि पोटाच्या खालच्या केस नसलेल्या भागावर लाली आहे आणि डाव्या कानाला आंबूस वास येतो. जेवण, फिरणे, खेळणे सगळे नेहमीसारखे आहे. खाण्यात दहीभात, उकडलेले चिकन आणि सकाळी अर्धी पोळी असते.

आमचे नेहमीचे डॉक्टर पुढच्या आठवड्यापर्यंत गावाला गेले आहेत. गेल्या वर्षी याच दिवसांत दुसऱ्या एका दवाखान्यात तिला इंजेक्शन दिले होते. त्याने दोन दिवसांत आराम पडला, पण नंतर कित्येक दिवस ती घटाघटा पाणी पीत होती आणि घरातच लघवी करत होती. हे असे होईल, याची तिथे कोणी पूर्वकल्पना दिली नव्हती. त्यामुळे यंदा शक्य तेवढे घरीच सांभाळावे असे वाटते. सासूबाई करंजाचे तेल चोळायला सांगतात, शेजारचे काका आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक घालायला सांगतात आणि सोसायटीच्या पहारेकऱ्याने तर गाडीचे जळके ऑइल सुचवले आहे. यांतले काय करावे?

खाडीकाठ (रत्नागिरी)

रानजाई, बाकी सगळे नंतर, आधी पिसवा पाहा. आमच्याकडे गावठी कुत्रे आहे. त्याला पिसवा नाहीत असे मी दोन वर्षे छातीठोकपणे सांगत होतो, कारण मला त्या कधी दिसल्याच नव्हत्या. पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावेही पुरतात आणि असे कुत्रे स्वतःला इतके चावत-चाटत असते की सापडलेली पिसू ते गिळूनच टाकते.

परीक्षा सोपी आहे. पांढरा कागद ओला करून फरशीवर ठेवा, मैनाला त्यावर उभे करा आणि शेपटीच्या बुडाशी, पाठीच्या मागच्या भागात, बारीक दातांच्या फणीने केस विंचरा. कागदावर मिरपुडीसारखे काळे कण पडतील. दोन मिनिटे थांबा. ते कण मातीचे असतील तर काळेच राहतील आणि पिसवांची विष्ठा असेल तर त्याभोवती गंजासारखा तांबडा ओघळ पसरेल, कारण ते कुत्र्याचे पचलेले रक्त असते. मी तो ओघळ पाहिला तेव्हा माझा छातीठोकपणा तिथेच संपला.

पिसवा निघाल्या तर नुसते कुत्र्याला औषध देऊन भागत नाही. अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याचा अगदी लहान भाग. अंडी, अळ्या आणि कोष हे सगळे तिच्या अंथरुणात, सोफ्याच्या फटीत आणि पायपुसण्यात असतात. अंथरूण गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा (ऊन मिळेल तेव्हा!) आणि फटींतून रोज व्हॅक्यूम क्लीनर फिरवा. कोष महिनोन्‌महिने टिकून राहतात, म्हणून औषध निदान तीन महिने सलग द्यावे लागते. घरात दुसरा प्राणी असेल तर त्यालाही, पण त्याच्यासाठीचे वेगळे.

जनावरांचा डॉक्टर

मी सव्वीस वर्षे पशुवैद्यक म्हणून काम केले आहे. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे पुढचे सगळे डॉक्टर भेटेपर्यंतचे समजावे.

तुम्ही केलेले वर्णन वाचून पहिला संशय परागकण, धूळकिडे, बुरशी अशा हवेतल्या आणि घरातल्या गोष्टींच्या अ‍ॅलर्जीचा येतो. ही अ‍ॅलर्जी बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होते, लॅब्राडोरमध्ये बरीच आढळते आणि पंजे, काखा, जांघा, पोट व कान या जागा धरते. पिसवांची खाज मात्र मुख्यतः शेपटीच्या बुडाशी असते. तरीही खाडीकाठ यांनी सांगितलेली परीक्षा अवश्य करा, कारण एकाच कुत्र्याला दोन्ही त्रास असू शकतात आणि पिसवा शिल्लक असतील तर पुढचे सगळे उपाय लंगडे पडतात.

आता तेल, जंतुनाशक आणि ऑइल. एक गोष्ट मनात पक्की ठेवा : कुत्र्याच्या अंगाला जे लावाल ते थोड्या वेळाने त्याच्या पोटात जाते. जळके ऑइल आणि रॉकेल हे विष आहे. त्याने कातडी भाजते आणि चाटल्यावर किंवा हुंगल्यावर फुप्फुसांना आणि आतल्या अवयवांना इजा होते. घरगुती जंतुनाशक आणि फिनेल आंघोळीच्या पाण्यात घालू नका; फिनेलने पुसलेली लादी ओली असताना मैनाला तिच्यावर झोपूही देऊ नका. कापूर, टी ट्री तेल आणि माणसांची सांधेदुखीची मलमे घरात असतील तर तिच्यापासून दूर ठेवा. करंजाचे किंवा कडुनिंबाचे निव्वळ तेल लाल झालेल्या त्वचेला झोंबते आणि चाटले तर लाळ गळणे, उलटी हे प्रकार होतात. सासूबाईंचे मन राखायचे असेल तर कडुनिंबाचा पाला उकळून, गाळून, पूर्ण गार केलेले पाणी आंघोळीच्या शेवटी अंगावरून ओतायला हरकत नाही. मात्र त्वचा फाटलेली असेल तिथे तेही नको. पिसवांवर लसूण खाऊ घालण्याचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईलच. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, तेव्हा तो ऐकू नका. गुरांच्या गोचिडांसाठी मिळणारे औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला आंघोळ घालणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यानंतर थरथरत दवाखान्यात आणलेली कुत्रीही पाहिली आहेत.

करण्यासारखे जे आहे ते बरेचसे पाण्याचे काम आहे. प्रत्येक वेळी बाहेरून आल्यावर तिचे चारही पंजे आणि पोट साध्या पाण्याने धुवा आणि बोटांच्या मधली जागा टॉवेलने नीट कोरडी करा. धुणे महत्त्वाचे, पण कोरडे करणे त्याहून महत्त्वाचे, कारण ओलसर राहिलेल्या बोटांच्या बेचक्यात यीस्ट (एक प्रकारची सूक्ष्म बुरशी) वाढते. पुण्याच्या आसपास रिकाम्या प्लॉटांवर पावसाळ्यात गाजर गवत माजते. हे गवत भारतात पुण्याजवळ १९५०च्या दशकात प्रथम नजरेस आले आणि माणसांच्या त्वचेच्या अ‍ॅलर्जीबाबत ते चांगलेच कुप्रसिद्ध आहे. फिरण्याचा रस्ता अशा प्लॉटांमधून जात असेल तर बदलून पाहा.

आठवड्यातून एकदा आंघोळ घाला. पाणी कोमट किंवा गारच असू द्या, कारण गरम पाण्याने खाज वाढते. माणसांचा शाम्पू वापरू नका. आपली त्वचा आम्लधर्मी असते आणि कुत्र्याची जवळपास उदासीन, त्यामुळे तो तिला कोरडा पडतो. साधे, चव नसलेले ओट्स मिक्सरमध्ये इतके बारीक दळा की चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात ढवळल्यावर पाणी दुधाळ दिसेल आणि तळाशी गाळ बसणार नाही. असे वाटीभर पीठ अर्ध्या बादलीत कालवून ते पाणी तिच्या पोटावर, काखेत आणि पंजांवर दहा मिनिटे राहू द्या आणि मग स्वच्छ पाण्याने धुवा. याने आजार बरा होत नाही, पण एक-दोन दिवस झोप मिळते. क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनॅझोल असलेला कुत्र्यांचा शाम्पू यीस्टवर उत्तम काम करतो, पण फेस दहा मिनिटे अंगावर राहिला तरच. घड्याळ लावून बसा. दोन मिनिटांत धुऊन टाकणारे लोक शाम्पूला नावे ठेवतात.

कानात काही घालू नका. तेल नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको आणि कापसाची काडी तर नकोच, कारण पडदा शाबूत आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. आंबूस वास म्हणजे बहुधा यीस्ट, आणि तो कान डॉक्टरांनीच पाहायला हवा.

सेटिरिझिन या माणसांच्या अ‍ॅलर्जीच्या गोळीबद्दल कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. ती थोड्याच कुत्र्यांना उपयोगी पडते. द्यायचीच असेल तर मात्रा डॉक्टरांना फोनवर विचारून द्या. स्यूडोएफेड्रिन किंवा पॅरासिटामॉल मिसळलेली सर्दीची गोळी कदापि देऊ नका; साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले सिरप कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

गेल्या वर्षीचे इंजेक्शन बहुधा स्टेरॉइडचे असावे. तहान, लघवी आणि भूक वाढणे हे त्याचे ओळखीचे परिणाम आहेत. ते तुम्हाला आधी सांगायला हवे होते. औषध वाईट नाही, पण दर पावसाळ्यात तेच देत राहणे बरे नाही. आता इतर पर्याय आहेत. ओक्लॅसिटिनिबच्या गोळीला अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली, आणि लोकिव्हेटमॅबचे इंजेक्शन साधारण महिनाभर पुरते. आपल्या डॉक्टरांशी त्यांबद्दल बोला.

चेहरा सुजला, उलट्यांबरोबर धाप लागली, मान एका बाजूला कलली किंवा कातडीवर ओला, चिकट चट्टा उठून काही तासांत पसरू लागला, तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका. घरातल्या माणसांनाही मनगटावर किंवा पोटावर खाजरे पुरळ उठले तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण खरजेचा किडा कुत्र्याकडून माणसांवर येतो.

चाफेकळी (नाशिक)

इतका सगळा व्याप करण्याआधी चिकन बंद करून पाहावे, असे मला वाटते. आमच्या पामेरियनची दोन वर्षांची खाज चिकन बंद केल्यावर गेली. दुकानात मिळणारे धान्यविरहित खाणे सुरू करा.

जनावरांचा डॉक्टर

चाफेकळीताई, तुमच्या कुत्र्याला चिकनचीच अ‍ॅलर्जी असणे अगदी शक्य आहे. गोमांस, दूधदुभते आणि गहू यांच्या बरोबरीने चिकन हे नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. पण मैनाची खाज दिवाळीला जाते आणि दहीभात, चिकन, पोळी तर बारा महिने चालू असते. अन्नाची खाज सहसा पंचांग पाहत नाही. धान्यविरहित खाण्याने फार काही साधत नाही, कारण अशा पाकिटांत बरेचदा चिकनच असते.

खाण्याची परीक्षा करायचीच असेल तर ती नीट करावी लागते. पूर्वी कधीच न खाल्लेले एकच मांस किंवा डॉक्टरांनी दिलेले हायड्रोलाइज्ड (प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेले) खाणे किमान आठ आठवडे द्यायचे आणि त्या काळात बिस्कीट, पोळीचा तुकडा, चव लावलेली जंताची गोळी यांतले काहीही द्यायचे नाही. मग जुने खाणे परत सुरू करून खाज परतते का ते पाहायचे. ही शेवटची पायरी कोणीच करत नाही, कारण कुत्रे बरे झाल्यावर ते पुन्हा खाजवताना पाहायची कोणाची तयारी नसते. पण त्याशिवाय श्रेय चिकन सोडण्याला द्यायचे की बदललेल्या हवेला, हे ठरत नाही.

रानजाई (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. कागदाची परीक्षा केली. पन्नासेक कण पडले, त्यांतले तीन तांबडे झाले. तीनच, पण झाले. मी तिला दर रविवारी विंचरते आणि एकही पिसू मला आजवर दिसली नव्हती. डॉक्टरांना फोन करून तिच्या वजनाप्रमाणे पिसवांची महिन्याची गोळी सुरू केली आहे. ओट्सच्या पाण्याची आंघोळ तिला आवडली नाही, पण ते पाणी चाटायला फार आवडले. ते चालेल ना?

जनावरांचा डॉक्टर

थोडे चाटले तर चालेल. म्हणूनच ओट्स सुचवले. माशाच्या तेलाची कॅप्सूल सुरू करायची असल्यास मात्रा डॉक्टरांना विचारा आणि कॉड लिव्हर ऑइल घेऊ नका. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वांचा अतिरेक होतो. कॅप्सूलचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने जातात, म्हणजे यंदाच्या पावसाळ्याला तिचा फारसा उपयोग नाही.

रानजाई (पुणे)

साडेतीन आठवड्यांनी लिहिते आहे. डॉक्टरांनी कानातला मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मलाही दाखवला. यीस्ट खरोखरच शेंगदाण्याच्या आकाराचे दिसते. कानाचे थेंब दिले, पंजांची कातडी खरवडून तपासली आणि खरजेचा किडा नाही असे सांगितले. ओक्लॅसिटिनिबची गोळी सुरू आहे, ती पावसाळ्यापुरती द्यायची आणि मधून रक्त तपासायचे असे ठरले. पोटावरची लाली गेली आहे. पंजे अजून तांबूस आहेत, पण डॉक्टर म्हणाले की तो लाळेचा डाग आहे, नवे केस येतील तेव्हाच जाईल.

दाराशी आता एक घमेले आणि जुना टॉवेल कायमचा ठेवला आहे. हे काम सासूबाईंनी स्वतःहून अंगावर घेतले आहे आणि मैना फिरून आली की न सांगता आधी उजवा पंजा पुढे करते. बोटांच्या बेचक्या पुसायला मात्र अजून दोघे लागतात. खाडीकाठ, पिसवांची गोळी तीन महिन्यांनंतर थांबवता का तुम्ही, की वर्षभर देता?

खाडीकाठ (रत्नागिरी)

वर्षभर. आमच्याकडे हवा कधी कोरडी होतच नाही.