मदत हवी आहे: ४१५ व्होल्टचा थ्री फेज हीटर घरच्या २३० वर चालेल का?

नमस्कार मंडळी. मी कुडाळजवळ राहतो, घरच्या कोकमांची सोलं आणि थोडं आगळ करून विकतो. गेल्या मे महिन्यात सोलं अंगणात असतानाच पाऊस आला आणि निम्म्या मालाला बुरशी धरली. म्हणून यंदा एक जुना ट्रे ड्रायर भंगाराच्या भावात उचलला. पाटीवर ९ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ३ फेज. आत यू आकाराचे तीन हीटर. माझ्याकडे सिंगल फेज. थ्री फेजचा अर्ज केलाय, पण कोकम काही त्यासाठी झाडावर थांबणार नाही.

पंख्याला सिंगल फेजची मोटर बसवली, ती छान फिरते. घोळ हीटरचा आहे. कॉन्टॅक्टर (हीटर चालू-बंद करणारा चुंबकी स्विच) नुसता खडखडतो, चिकटत नाही. म्हणून चाचणीपुरता तो वगळून हीटरच्या तीनपैकी दोन टोकांना फेज आणि न्यूट्रल दिले. क्लॅम्प मीटरवर जेमतेम ६ अँप. हवा कोमटच. बंद करून, वायर काढून हाताने चाचपलं तर एक हीटर चांगला तापलेला, बाकीचे दोन नावापुरते गरम.

वायरमन म्हणतो, "कमी व्होल्टेजवर जास्त अँप खेचेल, जळेल." शिवाय त्याच्या मते जोडणी स्टार आहे, म्हणजे तिन्ही हीटरचं एक-एक टोक मध्ये एकत्र बांधलेलं. कुठल्याही दोन टोकांत मल्टिमीटर ३८ ओहम दाखवतो. यावरून स्टार की डेल्टा (तिन्ही हीटर त्रिकोणात जोडलेले) कसं ओळखायचं?

प्रतिसाद:
दादा, वायरमनचा नियम मोटरचा आहे. हीटरचा रोध ठरलेला, व्होल्टेज उतरलं की अँपही उतरतात आणि वॉट वर्गाच्या हिशेबाने पडतात. जळायची भीती नाही, प्रश्न फक्त कमी उष्णतेचा.

३८ ओहमवरून काहीच कळणार नाही. १९ चे दोन हीटर स्टारमध्ये एकामागोमाग आले तरी ३८, आणि ५७ चे तीन डेल्टात असले तरी ३८. पण उत्तर तुम्ही हाताने चाचपून आधीच दिलंय! स्टार असती तर दोन हीटर सारखे तापले असते आणि तिसरा ठार गार राहिला असता. एक जास्त आणि दोन कमी, म्हणजे डेल्टा. त्या एकाला पूर्ण २३० मिळाले, उरलेल्या दोघांनी ११५-११५ वाटून घेतले.

तरी खात्री करा. झाकण काढून तिन्ही जोड सोडवा आणि एकेक हीटर सुटा मोजा. ५७ च्या आसपास आला की तिघांची एक-एक बाजू फेजला, दुसरी न्यूट्रलला. प्रत्येकी साधारण ९२० वॉट, एकूण पावणेतीन किलोवॅट, १२ अँप. सुटा १९ निघाला तर मात्र एकच हीटर जोडा. तिन्ही जोडलेत तर ३६ अँप खेचतील, घरची वायर वितळेल.

कॉन्टॅक्टरची कॉइल बहुतेक ४१५ ची असणार, २३० ची टाका. पंखा बंद पडला की हीटरचा पुरवठा तुटलाच पाहिजे, त्यामुळे कॉन्टॅक्टर आणि थर्मोस्टॅट कायमचे वगळू नका. बोर्डापासून अडीच स्क्वेअर मिमीची तांब्याची स्वतंत्र वायर, १६ अँपचा एमसीबी, बॉडीला अर्थिंग. प्लग-सॉकेटवर तासन्‌तास १२ अँप नको. आणि तुमचा मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा.

मूळ धागाकर्ता:
झाकण उघडलं. पत्त्या काळ्या पडल्या होत्या, घासून घेतल्या. सुटे हीटर ५६, ५७, ५७. डेल्टाच! कॉइलवरही ४१५ लिहिलंय, नवी कणकवलीहून मागवली. बिलावर भार ३ किलोवॅट आहे, पंखा धरून अगदी काठावर, त्यामुळे ड्रायर चालू असताना गीझर बंद ठेवावा लागेल. आता एवढंच सांगा, एक तृतीयांश उष्णतेवर ६० अंश गाठायचे तर ट्रे निम्मे भरू की त्याहून कमी?