पोस्टर बघून पिक्चरचा निकाल लावता येतो का?

खिडकीवाला: परवा एका येणाऱ्या पिक्चरचं पोस्टर बघितलं आणि तिथंच फुली मारली. वरती हिरोचं मोठ्ठं डोकं, खाली हिरोइनचं जरा छोटं, मग व्हिलन, मग आणखी तीन-चार मुंडकी ढगात तरंगतायत, अर्धी बाजू निळी अर्धी नारिंगी, आणि तळाशी काहीतरी पेटलंय. सांगण्यासारखी गोष्ट हाताशी असती तर एवढी मुंडकी चिकटवावी लागली असती का? शितावरून भाताची परीक्षा. बोला.

मध्यंतर: शितावरून भात कळतो कारण शीत त्याच भांड्यातलं असतं राव, पोस्टर दुसऱ्याच चुलीवर शिजतं. दिग्दर्शक तिकडे एडिटिंगला बसलेला असतो आणि इकडे मार्केटिंगवाले नि त्यांची एजन्सी पोस्टर उरकत असतात, टीझर पोस्टर तर कधीकधी शूटिंग संपायच्या आधीच बाहेर. 'द थिंग' (१९८२) घ्या. पारका, म्हणजे बर्फातला टोपीवाला जाडजूड कोट घातलेला माणूस आणि चेहऱ्याच्या जागी नुसता प्रकाश. चित्रकार ड्रू स्ट्रुझननं ते एका रात्रीत रंगवलं, तेही पिक्चर न बघता! पोस्टर अफलातून, तरी पिक्चर तेव्हा पडला, समीक्षकांनी सोलून काढला, आणि आज हॉररवाले त्याला डोक्यावर घेऊन नाचतात. आता तुमच्या शितानं यातलं काय सांगितलं असतं?

खिडकीवाला: एक अपवाद धरून बसलात. डिझायनर सॉल बासनं केलेलं 'व्हर्टिगो'चं (१९५८) पोस्टर बघा की, केशरी रंगावर तो भोवरा आणि त्यात ओढली जाणारी माणसं, बघूनच गरगरतं, आणि पिक्चरचा हिरो उंचीवरनं खाली बघितलं की चक्कर येणारा! करणाऱ्याला पिक्चर कळला असेल तर पोस्टरमध्ये उतरतोच.

शेवटचीरांग: मुंडक्यांचा दोष गोष्टीवर कशाला ढकलताय? ती बऱ्याचदा कॉन्ट्रॅक्टमधून येतात. कुणाचं नाव आधी, किती मोठं, फोटो कुणाबरोबर, सगळं लिहून ठरलेलं असतं. म्हणून तर वरचं नाव एकाचं आणि त्याच्याखाली चेहरा भलत्याचाच, हा घोळ दिसतो. खालची ती उंच बारीक, वाचताच न येणारी अक्षरंही तशीच, क्रेडिटचा आकार टायटलच्या हिशोबात ठरतो, मग उंची पाळायची आणि रुंदी दाबून टाकायची. त्यात कथा काय शोधणार, वकील दिसतात फक्त.

पॉपकॉर्नताई: मला तर मुंडकी आवडतात बाई 😄 मी तिकीट काढते ते आवडता नट आहे म्हणून, तो कुठाय ते पोस्टरनं सांगावं एवढीच अपेक्षा. ते नुसती रिकामी खुर्ची आणि कोपऱ्यात मुंगीएवढं टायटलवालं 'कलात्मक' पोस्टर बघून दोनदा फसलेय, दोन्ही वेळा इंटरव्हलला घरी.

मध्यंतर: ताई, हे भारी. म्हणजे चांगल्या पोस्टरनंही फसवलंच.

शेवटचीरांग: 'जॉज'नं (१९७५) पण तेच केलं, फक्त गोड फसवणूक. वर पोहणारी बाई आणि खाली जवळजवळ होडीएवढा शार्क, आणि पिक्चरमध्ये बराच वेळ तो धड दिसतसुद्धा नाही. ते चित्र मुळात पिक्चरसाठी काढलेलंही नव्हतं, रॉजर कास्टेलनं कादंबरीच्या पेपरबॅकसाठी केलेलं, तेच उचललं. पण पाण्याखाली काहीतरी आहे ही धास्ती मात्र पिक्चरनं पुरेपूर दिली.

खिडकीवाला: बघा, म्हणजे पोस्टर खरंच बोललं! माझाच मुद्दा झाला की.

मध्यंतर: माप खोटं, भीती खरी, आणि मुद्दा तुमचा? बरं. मग त्या मुंडक्यांच्या पिक्चरला जाणार का नाही?

खिडकीवाला: ट्रेलर येऊ दे, मग ठरवतो.

शेवटचीरांग: ट्रेलर पण मार्केटिंगवालेच कापून घेतात, दादा 😂