कागदावर शिवायचा पणतीचा ब्लॉक: तुकडे कमी पडतात, माप चुकतं, विभागणी कशी करू?

दोरागुंता

फाउंडेशन पेपर पीसिंगने (छापील नक्षीच्या कागदावरच कापडाचे तुकडे शिवून, नंतर कागद फाडून काढायचा) गोधडीसाठी पणतीचा ब्लॉक, म्हणजे चौकोन, शिवतेय. तयार माप ६ इंच, माया (जोडासाठी टिपेबाहेर सोडलेली कड) धरून साडेसहा. वरच्या साडेतीन इंचांत मधोमध ज्योत, शंकरपाळ्याच्या आकाराची, २ इंच रुंद. खालच्या अडीच इंचांत पणती: वर ५ इंच, तळाला अडीच. बाकी सगळी गडद निळी पार्श्वभूमी. नक्षी कॉम्प्युटरवर स्वतः काढली आणि ए-फोरवर एकाच कागदावर छापली. मशीन जुनं काळं, फक्त सरळ टाक्याचं.

अडचणी अशा:
१. ज्योतीभोवतीचे निळे त्रिकोण उलटले की एका टोकाला कमी पडतात. कापड मोठं घेतलं तरी.
२. पणतीच्या बाजूचे कोपरे कोणत्या क्रमाने शिवायचे तेच कळत नाही. टीप ज्योतीच्या भागात घुसते.
३. कागद फाडताना टाके सैल होतात.
४. शिवलेला ब्लॉक ६.३ इंच भरतो.

कात्रीकर

आधी दोन नंबर, कारण खरी गाठ तिथेच आहे. एका कागदावर हा ब्लॉक शिवताच येणार नाही.

क्रम ठरवताना नक्षी शेवटाकडून सोलत यायची. भागाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जाणारी आणि पलीकडे एकच तुकडा ठेवणारी रेघ शोधा. ती शेवटची टीप. तो तुकडा मनातल्या मनात काढून टाका आणि उरलेल्यात पुन्हा तशीच रेघ शोधा. एकच तुकडा उरला की तो १ नंबर. मध्येच अशी रेघ मिळेनाशी झाली, तर तिथे नक्षी दोन भागांत कापायची.

तुमच्या पणतीत ज्योत आणि पणती यांच्यामधली आडवी रेघ कडेपासून कडेपर्यंत जाते खरी, पण तिच्या दोन्ही बाजूंना अनेक तुकडे आहेत. म्हणजे दोन स्वतंत्र भाग. भाग अ (६ × साडेतीन): अ१ ज्योत, अ२ ते अ५ चार त्रिकोण, अ६ आणि अ७ दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या, प्रत्येकी २ इंच. भाग ब (६ × अडीच): ब१ पणती, ब२ आणि ब३ कोपरे. दोन्ही वेगळे छापा आणि प्रत्येकाभोवती पाव इंच माया काढा. आडव्या रेघेच्या दोन्ही अंगांनाही माया हवी, ती बहुतेकांकडून राहते. तीन रेघा एका बिंदूत येऊन थांबत असतील आणि एकही आरपार जात नसेल, तर एक रेघ पार्श्वभूमीतून कडेपर्यंत वाढवा. निळ्यात निळा एक जोड वाढतो, दिसत नाही.

आता एक नंबर. तुमचे त्रिकोण १ × पावणेदोन इंचांचे आहेत. लांब टोकाचा कोन जेमतेम ३० अंशांचा, त्यामुळे त्या टोकाला माया नुसती पाव इंच वाढवून भागत नाही, जवळजवळ इंचभर लागते. सव्वादोन × साडेतीन इंचांचे दोन आयत घ्या, सुलट बाजूला सुलट लावून एकावर एक ठेवा आणि एकदाच कर्णावर कापा. दोन डावे, दोन उजवे त्रिकोण मिळतात. चारही एकाच दिशेचे कापले, तर दोन नेहमीच कमी पडणार. तुमच्याकडे बहुधा हेच होतंय. ज्योतीला ३ × साडेचार, बाजूच्या पट्ट्यांनाही तेवढंच, पणतीला ६ × साडेतीन, ब२ आणि ब३ला प्रत्येकी ३ × साडेचार. ब२-ब३चा आयत कर्णावर कापू नका, त्याची लांब कड तिरक्या टिपेला लावा. थोडं कापड वाया जाईल, जाऊ द्या.

कापड लावताना कागदाची कोरी बाजू तुमच्याकडे. अ१ सुलट बाजू वर ठेवून टोकाला गोंदाच्या कांडीचा ठिपका. मग कागद पालथा करून पुढच्या टिपेच्या रेघेवर लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा ठेवा, कागद त्यावर दुमडा, बाहेर आलेलं कापड घडीपासून बरोबर पाव इंचावर कापा. नवा तुकडा या ताज्या कापलेल्या कडेला कड लावून, सुलटला सुलट. आता शिवायचं नाही! टिपेच्या रेघेवर दोन टाचण्या लावा, तुकडा उलटून ट्यूबलाइटसमोर धरा. आपली जागा आणि चारही बाजूंची माया झाकली गेली, तरच छापील बाजूने टीप मारा. प्रत्येक टीप रेघेच्या दोन्ही टोकांपुढे पाव इंच न्यायची.

टीपटाप

चार नंबरचं उत्तर छपाईत आहे. साडेसहाचे ६.३ म्हणजे जवळपास ९७ टक्के. प्रिंटरने ‘फिट टू पेज’वर नक्षी आवळली. ‘अॅक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के निवडा आणि पानाच्या कोपऱ्यात १ इंचाचा चौकोन काढून ठेवा, छापल्यावर पट्टीने मोजायला. ए-फोरची रुंदी ८.२७ इंच, त्यातून प्रिंटरचा समास जातो. म्हणून एका पानावर तयार ७ इंचांपर्यंतच ब्लॉक बसतो. अमेरिकी पीडीएफ लेटर आकाराच्या असतात, त्यांनाही हीच टक्केवारी तपासा.

टाके सैल होतात कारण टाका लांब आहे. दीड मिलिमीटर हवा. काळ्या मशीनच्या दांड्यावर मिलिमीटर नसतात, म्हणून बिनदोऱ्याची सुई कोऱ्या कागदावर चालवा आणि एका इंचातली भोकं मोजा. १६-१७ आली की बरोबर. वीसच्या पुढे गेलात तर कागद शिवतानाच तिकिटासारखा सुटतो आणि चुकलेली टीप उसवताना कापडाचं वाटोळं होतं. सुई १४ नंबर. १६ने कागद छान फाटतो, पण केंब्रिकसारख्या पातळ सुती कापडावर भोकं राहतात. कागदाने सुई बोथट होते, ती कागदासाठीच वेगळी ठेवा, आणि मशीनच्या दातांखालचा भुसा वरचेवर काढा.

कागद ७० किंवा ७५ जीएसएमचा (कागदाच्या वजनाचं माप) झेरॉक्सचा चालतो. बटर पेपर आरपार दिसायला सोयीचा, पण प्रिंटरमध्ये अडकतो. हाताने गिरवणार असाल तरच घ्या.

इस्त्री कोरडी. वाफेने कागद आक्रसतो आणि इंकजेटची शाई कापडात उतरते. लेझर छपाई असेल तर कापडाच्या बाजूने फिरवा, नाहीतर काळी पावडर इस्त्रीला चिकटते. कागद शेवटच्या तुकड्यापासून मागे काढत यायचा: रेघेवर दुमडा, टिपेवर अंगठ्याचं नख दाबून धरा, कागद टिपेकडे तिरका ओढा. ब्लॉक शिवून झाला की लगेच काढून टाका, कोपऱ्यातला नंतर निघत नाही.

दोरागुंता

‘फिट टू पेज’च निघालं. त्रिकोणही चारही एकाच दिशेचे होते. 🙏

अजून तीन गोष्टी. पिवळ्या ज्योतीखालून निळी माया दिसते. ज्योतीचं टोक पणतीवर बरोबर मधोमध येत नाही, पाव सेंटिमीटर सरकतं. आणि पणतीला खणाचा तुकडा वापरला तर?

आडवा उभा

कागद लगेच काढण्याशी मी सहमत नाही. अ आणि ब जोडेपर्यंत तर नाहीच, आणि शेजारचे ब्लॉक जोडेपर्यंतही राहू द्यावा. कोपऱ्यांतल्या कापडाची कड आडव्या-उभ्या धाग्यांना तिरकी असते, कागद गेला की ती ताणते आणि साडेसहाचा ब्लॉक लाटेसारखा होतो. फक्त जोडलेल्या टिपेच्या मायेतला कागद काढा. आधी काढायचाच असेल, तर चारही कडांना अष्टमांश इंचावर एक टीप मारून ठेवा. कापतानाच ब्लॉकच्या बाहेरच्या कडेला कापडाचा सरळ धागा येईल असं बघितलं, तर निम्मा त्रास वाचतो.

टोक जुळवायला: ज्योतीच्या टोकाच्या बिंदूतून टाचणी सरळ खाली घाला, ती पणतीच्या वरच्या कडेच्या मध्यबिंदूतून बाहेर यायला हवी. हा मध्यबिंदू कागदावर आधीच खूण करून छापा. टाचणी उभीच ठेवून तिच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या दोन लावा, मग उभी काढा. तेवढ्या भागात आधी लांब टाक्याची कच्ची टीप, उलगडून बघा, जुळलं असेल तर त्यावरच बारीक टाका. ही टीप रेघेच्या केसभर आत, मायेच्या बाजूने गेली तरी चालेल, पण ज्योतीच्या बाजूने गेली की टोक कापलंच.

निळी माया दिसणं: या पद्धतीत माया नेहमी नव्या तुकड्याकडे वळते, त्यामुळे अ२ ते अ५ची माया निळ्याकडेच जाते. पिवळ्याखाली निळं दिसतंय म्हणजे इस्त्री करताना कुठेतरी माया उलटी मुडपली गेली आहे, किंवा गोंदाने चिकटवलेल्या अ१मागे सुटा निळा दोरा अडकलाय आणि पिवळं पातळ असल्याने तो दिसतोय. प्रत्येक टिपेनंतर तुकडा उलटून नखाने घडी दाबा, लगेच कोरडी इस्त्री. अ-ब जोडाची माया मात्र उघडून दोन्हीकडे दाबा, नाहीतर ज्योतीच्या टोकाशी गाठ येते. निळं आणि लाल कापड आधी मिठाच्या नाही, साध्या पाण्यात धुऊन घ्या आणि रंग सुटत नाही ना ते पांढऱ्या चिंधीवर बघा.

खण चालेल, पण तो कडेला फार उसवतो. मागे पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावा आणि त्या तुकड्याची माया पाव इंचाऐवजी तीन अष्टमांश ठेवा. सिंथेटिक धाग्याचा असेल तर इस्त्री मंद, आधी कात्रणावर तपासून. नक्षीचे आडवे पट्टे पणतीच्या काठाला समांतर येतील असा ब१ लावा. तिरके गेले तर पणती कलंडलेली दिसते.

कात्रीकर

खणाच्या बाबतीत एक भर: ब१ खणाचा असेल तर फ्युजिंग चिकटवल्यानंतर तो कापा, आधी कापून मग चिकटवू नका. आणि पहिला ब्लॉक खणाचा नको. मांजरपाटावर एक शिवून माप बघा, साडेसहा भरला की मग चांगलं कापड काढा.