मदत हवी आहे: दादाच्या सिबिलवर 'सेटल्ड' आहे, दोघांच्या नावावर गृहकर्ज कसं घ्यायचं?

नमस्कार मंडळी,

आई, दादा आणि मी पुण्यात धायरीत भाड्याने राहतो. जवळच रिसेलचा टू बीएचके पसंत पडलाय, ४८ लाखांत ठरतोय. टोकन अजून दिलेलं नाही, कारण गाडं कर्जापाशी अडलंय.

मला हातात ५२ हजार पगार, सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण) ७८१. दादा एका कंपनीच्या कॅन्टीनला सुपरवायझर आहे, ३५ हजार मिळतात, स्कोअर ६१८. बँक ८० टक्के देणार, म्हणजे ३८ लाख ४० हजार. माझ्या एकट्याच्या पगारावर ३० लाखच बसतात. घराच्या किमतीतले उरलेले २० टक्के म्हणजे ९ लाख ६० हजार, ७ टक्क्यांनी स्टॅम्प ड्यूटीचे ३ लाख ३६ हजार आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार एवढे आमच्याकडे आहेत. त्यातले ५ लाख दादाचे, भिशी आणि एफडीतून जमवलेले.

दादाची खानावळ होती. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती बसली आणि पर्सनल लोन थकलं. १ लाख ८४ हजार बाकी असताना वसुलीवाला म्हणाला, ९५ हजार भरा, मिटवून टाकतो. आईच्या पाटल्या मोडून दादाने भरले. गेल्या महिन्यात रिपोर्ट काढला (वर्षातून एकदा फुकट मिळतो), तर त्या खात्यापुढे 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेलं) आणि ८९ हजार राइट ऑफ, म्हणजे बँकेने बुडीत धरलेले. दादा बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिला. मग कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं पत्र घेऊन आला, घड्यांवर विरलेलं. "यात तर फुल अँड फायनल लिहिलंय रे," एवढंच म्हणाला.

बँक म्हणते, करारनाम्यात नाव हवं असेल तर कर्जातही नाव हवं, आणि सेटल्डवाला अर्जदार चालत नाही. एक हाउसिंग फायनान्स कंपनी तयार आहे, पण साडेआठऐवजी पावणेअकरा टक्क्यांनी. वीस वर्षांसाठी हप्ता महिन्याला साडेपाच हजारांनी वाढतो.

दादा म्हणतो, "तुझ्या एकट्याच्या नावावर घे, मी कुठं जातोय?" मला ते पटत नाही. माझ्या डिप्लोमाची फी त्या खानावळीच्या गल्ल्यातून गेली आहे. घराच्या कागदावर त्याचं नाव हवंच.

आता ते ८९ हजार भरले तर शेरा बदलतो का? किती दिवसांत? आणि आत्ता माझ्या नावावर घेऊन दादाचं नाव नंतर चढवता येईल का? कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १:
मी गेलोय. शेरा बदलतो, पण आधी पैसे भरू नका. उरलेली रक्कम भरल्यावर खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवू, असं बँकेकडून लेखी घ्या, मग भरा आणि नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, घ्या. तरी रिपोर्ट सुधारला नाही तर सिबिलकडे ऑनलाइन तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. चुकलेल्या हप्त्यांच्या जुन्या नोंदी मात्र लगेच पुसल्या जात नाहीत, त्यामुळे स्कोअर हळूच चढतो. आणि एकत्र कर्ज घेतलंत की एक हप्ता बाउन्स झाला तरी दोघांच्या रिपोर्टवर येतो, हे दोघांनी बसून बोलून घ्या.

प्रतिसाद २:
नंतर नाव चढवणं महाग पडेल. भावाला बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्क ३ टक्के. फक्त २०० रुपये शुल्काची सवलत पती-पत्नी, मुलं, नातवंडांना आहे, भावाला नाही. म्हणून विचारते, आईंना पेन्शन आहे का? आई आणि तुम्ही सहमालक आणि सहकर्जदार व्हा. पुढे आई आपला हिस्सा दादांना बक्षीसपत्राने देऊ शकतील, २०० रुपयांच्या सवलतीत. शहरातले अधिभार वेगळे, आणि कर्ज चालू असेपर्यंत बँकेची संमती लागेल.

धागाकर्ता:
ताई, हे सुचलंच नव्हतं! वडील जिल्हा परिषदेत होते, आईला १५ हजार फॅमिली पेन्शन आहे. माझ्या पगारात ती धरली तर ३८ लाख जवळपास बसतात.

प्रतिसाद २:
बसतील, पण आईंचं वय विचारात घेऊन बँक मुदत कमी करू शकते, मग हप्ता वाढतो. पेन्शन किती वयापर्यंत धरता, हे आधी विचारा. आणि आईंचा हिस्सा करारनाम्यात टक्क्यांत लिहून घ्या.

धागाकर्ता:
आई ५८ ची आहे. सोमवारी अर्धी रजा टाकून पेन्शनचं विचारतो, आणि दादाला घेऊन त्या जुन्या बँकेत लेखी अर्जही देतो. मालकांनी वीस दिवस थांबायचं कबूल केलंय. बँक काय म्हणते ते इथेच कळवतो.